पश्चिमेची जाळी आणि ज्येष्ठ वद्य पंचमी

गुढीपाडवा, गेल्या वर्षीचा. देवासच्या टेकडीखालचे आमचे घर एका हॉटेलवाल्या गृहस्थांना दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यात आले. जबाबदार: माझा पुतण्या, आणि त्याला तो अधिकार पोहोचावा म्हणून फार पूर्वी हक्कसोडपत्रावर सही करून मोकळा झालेला मी.

अक्षय्य तृतीया. फाटकावर फलक चढला: ‘राजसी मराठा हवेली. जीर्णोद्धार प्रगति पर.’ जबाबदार: सदर गृहस्थ.

वैशाख पौर्णिमेच्या आधीचा आठवडा. दिवाणखान्यातली मोझॅकची फरशी चकचकीत टाइलांखाली गाडली गेली. पोर्चच्या सपाट छपरावर फायबरच्या तीन घुमटदार छत्र्या बसल्या. जबाबदार: तेच गृहस्थ.

वैशाख वद्य षष्ठी. पश्चिमेची जाळीची भिंत उतरवली. जबाबदार: हा रकाना तूर्त मोकळा ठेवतो. तो भरल्याशिवाय हा मजकूर संपवणार नाही.

ज्येष्ठ वद्य चतुर्थी. मी मूळ नकाशा घेऊन धारहून देवासला पोहोचलो. भिंत नव्हती.

आयुष्यभर मी न्यायालयात पेशकार होतो. पक्षकारांना पुढची तारीख सांगणे हे माझे काम. म्हणून आधी तारखा लिहिल्या. पण तारखा लिहून झाल्या की नेहमी उरते ते वेगळेच काही. फाटकाशी उभा राहून मी त्या छत्र्यांकडे पाहत होतो, आणि नाकात येत होता ओल्या गोणपाटाचा वास.

तो वास या घराच्या जन्माचा आहे. माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, धार दरबारच्या बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. तारुण्य त्यांनी कमानी सावरण्यात, घुमटांच्या भेगा बुजवण्यात आणि झरोक्यांतून पारव्यांची घरटी काढण्यात घालवले. संस्थाने विलीन झाली, खाती बदलली आणि त्यांची बदली देवासला झाली. तिथे त्यांनी जागा घेतली आणि स्वतःच्या हाताने नकाशा काढला. सपाट स्लॅब, लांब रुंद छज्जा, कोपऱ्यावरून वळणारी लोखंडी खिडकी, जिन्याशी एक गोल झरोका, बस्स. एकही कमान नाही. ते म्हणाले, “दुसऱ्यांच्या कमानी पुष्कळ सावरल्या. आता डोळ्यांसमोर एक सरळ रेघ असावी.”

वास्तुशांतीला धारहून मंडळी आली. माझ्या आईची मावशी फाटकातच थबकली आणि म्हणाली, “ओव्हरसियरसाहेब, हे घर आहे की पोस्टाची पेटी?” नानांनी तिची पिशवी हातातून घेतली आणि शांतपणे सांगितले, “पेटीच आहे, मावशी. फक्त आत या, म्हणजे पत्र पोहोचलं असं होईल.” मावशी आत आली. पुढे दर उन्हाळ्यात ती महिनाभर राहू लागली, कारण धारच्या तिच्या घरात वारा नव्हता आणि आमच्या पेटीत होता.

तो वारा येत असे पश्चिमेच्या जाळीतून. दिवाणखान्याची अख्खी एक बाजू त्या जाळीची होती. तिचे ठोकळे बाजारातून आणलेले नव्हते. मी तेव्हा चौथीत होतो. त्या सुट्टीत नानांनी सागवानी साचा करवून घेतला, आणि कासम उस्ताद नावाचे गवंडी व आम्ही घरची माणसे मिळून एकेक ठोकळा त्या आवारातच ओतत गेलो. साच्याला आतून जळके ऑइल लावायचे, बारीक खडी आणि नर्मदेची वाळू घातलेला माल भरायचा, थापीने ठोकायचा, आणि साचा उचलताना श्वास धरायचा. मग ठोकळे ओल्या गोणपाटाखाली निजत. आईला आम्ही वहिनी म्हणत असू, धाकट्या काकांचे ऐकून लागलेली ती सवय. तुळशीला पाणी घालायच्या तांब्यानेच वहिनी त्या गोणपाटावर पाणी मारी आणि म्हणे, ही माझी धाकटी लेकरे. भिंत रचताना नानांनी सांध्यांत सिमेंट न घालता चुना घातला. कासम उस्तादांना ते पटेना. नाना म्हणाले, “उद्या कुणाला काढावीशी वाटली, तर फुटता कामा नये.” उस्ताद हसले. उद्या कोण काढतो आहे, असे त्यांना वाटले असावे.

नानांची एक पद्धत होती, ती इथे नोंदवणे आवश्यक आहे. आमच्या घरी दोन पंचांगे नांदत. आमचा मराठी महिना अमावस्येला संपे, आणि भोवतालच्या माळव्याचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचे जमे. वद्य पक्ष उजाडला की तोच दिवस आमच्याकडे ज्येष्ठाचा आणि शेजारी आषाढाचा. शेजारच्या बायका वडाला सूत गुंडाळून येत अमावस्येला, आणि वहिनी पंधरा दिवसांनी, पौर्णिमेला, एकटी. शेजारीण भिंतीवरून विचारी, “बाई, तुम्हारे सत्यवान पंद्रह दिन देर से मरे थे क्या?” वहिनी उत्तर देई की आमचा सत्यवान दूर धारहून यायचा होता, त्याला उशीर झाला. दोघी हसत आणि दर वर्षी तेच बोलत.

नाना मात्र याबाबतीत हसत नसत. कामगारांसाठी लिहिलेल्या प्रत्येक चिठ्ठीवर ते दोन्ही तिथ्या घालत. वरच्या ओळीत ज्येष्ठ व. ५, खालच्या ओळीत आषाढ बदी ५. दुधवाल्याची चिठ्ठी असो की स्लॅबचा दिवस, दोन ओळी ठरलेल्या. आम्ही भावंडे त्याची नक्कल करीत असू, “दादा जेवायला येणार, वरच्या ओळीप्रमाणे की खालच्या?” नाना म्हणत, “माणूस एका ओळीत राहत असेल तर एक लिहावी. आपण दोन ओळींत राहतो.”

तिसरे पंचांग त्या जाळीचे होते, आणि ते कुणाशी भांडत नसे. दिवाणखान्याच्या हिरवट मोझॅकमध्ये नानांनी लांब पितळी पट्ट्या टाकल्या होत्या. दुपारी चारला ऊन जाळीतून उतरे आणि फरशीवर चिंचेच्या पानांसारख्या आकृत्यांची एक चादर पसरे. ज्येष्ठात तिचा काठ पहिल्या पट्टीशी थांबे. नवरात्रात, टेकडीवर यात्रा चढू लागली आणि घंटांचा आवाज दिवसभर थांबेनासा झाला, की ती दुसरी पट्टी ओलांडी. पौषात ती तिसरीपर्यंत जाई, आणि वहिनी तिथे पाट मांडून तूर निवडत बसे. तिच्या पांढऱ्या लुगड्यावर ती पाने सरकत जात. उन्हाळ्यात जाळीला बाहेरून वाळ्याचे पडदे बांधत, तेव्हा ऊन अडे आणि वास आत येई. टेलिफोन आला तो भिंतीतल्या त्याच्यासाठीच सोडलेल्या कोनाड्यात, घर बांधून झाल्यावर दोनेक वर्षांनी. तोवर त्या कोनाड्यात माझ्या बहिणीची, आक्काची, बाहुली राहत असे. फोन आल्यावर ती बेघर झाली आणि आक्का आठवडाभर फोनशी बोलली नाही.

नाना गेले ते ज्येष्ठ वद्य पंचमीला, दुपारी, पहिल्या पट्टीशी पाय लांब करून खुर्चीत बसले असता. तेव्हापासून दर वर्षी त्यांचे श्राद्ध जाळीशेजारी होत आले. पान बाहेर ठेवले की कावळे जाळीच्या वरच्या ओळीवर येऊन बसत आणि आत डोकावत. दादा, माझा थोरला भाऊ, म्हणे की त्यांना नानांनी ओळखपत्र दिलेले दिसते. पुढे वहिनी गेली, दादा गेला. मी नोकरीने धारला स्थिरावलो. आक्काचे सासर धारचेच. घर दादाच्या मुलाच्या नावे राहिले आणि त्याचे नोकरीचे गाव दूर. यात कुणाचा दोष मी काढत नाही. कुलपालाही किल्लीची सवय सुटते.

दोष काढायचा तो इथून पुढे.

पाडव्यानंतर पुतण्याचा फोन आला. मी विचारले, त्या माणसाला घराची किंमत कळते का? तो म्हणाला, “काका, हे मिड-सेंच्युरी मॉडर्न आहे हो. बाहेरच्या देशांत लोक अशा घरांसाठी वेडे होतात. पण देवासला कोण येणार बघायला? निदान कुणी वापरेल तरी.” म्हणजे किंमत त्याला माहीत होती, त्या शैलीचे नावसुद्धा माहीत होते. जे नाव नानांना माहीत नव्हते ते त्याला माहीत होते, आणि त्याने ते घर देऊन टाकले. माहीत नसलेल्या माणसावर मला इतका राग आला नसता.

वैशाख पौर्णिमेला मी देवासला गेलो. भाडेकरू गृहस्थ अत्यंत सभ्य. त्यांनी चहा दिला, खुर्ची स्वतः पुसली. मी फलकाकडे बोट दाखवले. ते म्हणाले की पाहुण्यांना मराठा थाट हवा असतो, दारात फेटेवाला द्वारपाल उभा राहील, भिंतींवर ढाल-तलवारी येतील. मी म्हणालो की हे घर मी चौथीत असताना उभे राहिले. माझ्या हाताने ओतलेले ठोकळे त्यात आहेत. ही जर पेशव्यांच्या काळची हवेली असेल, तर आपल्यासमोर बसलेला मी कोण, याचाही एक फलक लावा. ते हसले. फलक मात्र तसाच राहिला.

मग त्यांनी जाळीकडे पाहून जे म्हटले ते मी शब्दशः देतो, कारण ते शब्द माझ्यासोबत झोपतात आणि उठतात. “ऐसी जाली तो सार्वजनिक शौचालय में लगती है, साहब.”

लागते. कबूल आहे. तिथेही वारा आणि आडोसा दोन्ही लागतात, आणि ज्याने कुणी ती तिथे प्रथम लावली त्याने माणसांचा विचार केला होता. फायबरच्या छत्रीने कुणाचा विचार केला आहे? तिच्याखाली सावलीही पडत नाही. जे खोटे आहे त्याला हे गृहस्थ इतिहास म्हणतात, आणि जो इतिहास त्यांच्या डोक्यावर छप्पर धरून उभा आहे त्याला शौचालय. जुन्या वास्तूंच्या कोणत्याही यादीत हे घर नाही हे मी जाणतो. यादीत जायला ते पुरेसे जुने नाही. माझा त्यात कायदेशीर हक्क उरलेला नाही हेही मी जाणतो, सोडपत्र मी वाचून सही केले होते. पण जीर्णोद्धार या शब्दाला अर्थ आहे. जे जीर्ण झाले त्याचा उद्धार. जे धडधाकट होते ते मोडणे याला दुसरा शब्द आहे, आणि तो मी सभ्यतेने लिहीत नाही.

बराच वाद झाल्यावर ते एका गोष्टीला कबूल झाले. जाळी मूळ नकाशात असेल आणि मी तो नकाशा आणून दाखवला, तर जाळी राहील. तसे त्यांनी ठेकेदारासमोर सांगितले. ठेकेदार भेरूलाल, टोंकखुर्दचा, मिशीत हसणारा मनुष्य. नकाशा आक्काच्या ट्रंकेत असणार होता, शोधायला वेळ हवा होता, आणि मला नानांच्या श्राद्धाचा दिवस सुचला. मी इंग्रजी तारीख काढू लागलो तर भेरूलालने साइटवरच्या खोलीत खिळ्याला टांगलेल्या पंचांगाकडे मान वळवली. “अंग्रेजी तारीख अपने को याद नी रेती, काकासाब. तिथि बोलो.”

मला तो माणूस तत्क्षणी आवडला. मी खिशातून कागद काढला आणि हिंदीत लिहिले: जेठ बदी पंचमी तक पश्चिम की जाली को हाथ न लगाया जाए. माझी सही केली, त्याची घेतली. भेरूलाल म्हणाला, “इत्ता तो रोक लूँगा.” त्याच्या मालकांनी, म्हणजे त्या गृहस्थांनीही, लगेच मान डोलावली. पस्तीस दिवस इतक्या सहज मिळाले याचे मला तेव्हा आश्चर्य वाटले नाही. वाटायला हवे होते.

धारला आक्काच्या माळ्यावरून ट्रंक उतरली. डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर झाला. ऐंशी उलटलेली आक्का एकेक वस्तू काढून मांडीवर ठेवी आणि तिची पूर्ण हकीकत सांगितल्याशिवाय दुसरीला हात लावू देत नसे. बाहुली निघाली, फोनने हुसकावलेली. वहिनीचा तांब्या निघाला. मी घाई केली नाही, माझ्याकडे वेळ होता. मधल्या काळात मालकांना मी तीन पत्रे धाडली, एकाचेही उत्तर आले नाही, आणि मी समजलो की तेही नकाशाची वाट पाहत आहेत. नकाशा निघाला सर्वांत तळाशी, निळा, घड्यांवर पांढरा पडलेला. पश्चिमेची जाळी त्यात होती. साच्याचे पूर्ण माप होते. कोपऱ्यात नानांच्या अक्षरात दोन ओळींची तिथी होती. आक्काने त्यावरून बोट फिरवले आणि म्हणाली, “बघ, इथंसुद्धा दोन.” मी हसलो. मला अजूनही काही कळले नव्हते.

ज्येष्ठ वद्य चतुर्थीला मी नकाशा छातीशी धरून बसमधून उतरलो. जाळीच्या जागी प्लायवूडची महिरप होती आणि तिच्या दोन्ही अंगांना प्लास्टरचे हत्ती सोंड उचलून उभे होते. मी भेरूलालला हाक मारली. माझा आवाज टेकडीवर गेला असेल.

तो आला, नमस्कार केला, आणि म्हणाला, “आप तो महीना भर लेट आए, काकासाब.”

मी त्याला बेइमान म्हणालो. त्याच्या माणसांसमोर म्हणालो. त्याने खोलीत जाऊन पंचांगाला टाचलेला माझा कागद आणला आणि माझ्या हातात दिला. “मालिक तो दूसरे दिन से के रिये थे के हटाओ. मैंने पूरी पंचमी टाली. छठ को हाथ लगाया. पढ़ लो, आपके हाथ का है.”

मी वाचले. जेठ बदी पंचमी. त्याच्या पंचांगात ती पौर्णिमेनंतर पाच दिवसांनी आली होती आणि गेली होती. माझ्या पंचांगात ती उद्या यायची होती. ज्याने आयुष्यभर लोकांना तारखा दिल्या त्याने स्वतःच्या बापाच्या भिंतीला एकाच ओळीत तारीख दिली. वरची ओळ त्यांच्या भाषेत लिहिली आणि समजलो की खालचीही लिहून झाली.

वरचा मोकळा रकाना आता भरतो. वैशाख वद्य षष्ठी, जबाबदार: मी. भेरूलालला मी बेइमान म्हटले ते शब्द इथे छापील स्वरूपात मागे घेतो, आणि त्याची माफी मागतो.

परंतु यामुळे कुणी दुसरा सुटत नाही. कारण मी ठोकळ्यांचे काय झाले असे विचारले, तेव्हा भेरूलालने मला मोटरसायकलवर मागे बसवले आणि टोंकखुर्दला त्याच्या घरी नेले. मागच्या अंगणात गोठा होता. गोठ्याची पश्चिमेची बाजू आमच्या जाळीची होती. चुन्याचे सांधे हाताने सुटले, असे तो म्हणाला. फुटले ते थोडे. “माल इत्ता बढ़िया था के फेंकने का जी नी हुआ.” चार वाजून गेले होते. ओल्या शेणाच्या जमिनीवर चिंचेची पाने पसरली होती आणि एक गाभण म्हैस त्यांवर पाय दुमडून बसली होती. पाने तिच्या काळ्या पाठीवरून सरकत होती, जशी कधी एका पांढऱ्या लुगड्यावरून. वाऱ्यात तोच आवाज होता. मी दाराशी बसलो.

मग तो म्हणाला, जाळी हवी असेल तर घेऊन जा, तुमचीच आहे. “बस भैंस ब्या जाए, फिर ले जाना. अभी उसको हवा लगती है.”

म्हैस व्याली त्याला आता बरेच महिने झाले. पारडी मोठी झाली आहे. ठोकळे द्यायला भेरूलाल तयार आहे, रचून द्यायलाही. फुटलेल्यांचे माप नकाशात आहे, साचा मी धारच्या सुताराकडून करून घेतला आहे, आणि त्याला जळके ऑइल लावून ठेवले आहे. म्हणजे अडले आहे ते एकाच ठिकाणी. मालकांना यानंतर मी जी पत्रे लिहिली त्यांच्या पोचपावत्या माझ्याकडे आहेत. उत्तर एकाचेही नाही. ज्या माणसाला अक्षरओळख पंचांगापुरती आहे त्याने लेखी शब्द शेवटच्या दिवसापर्यंत पाळला, आणि ज्यांच्या फलकावर मराठा असा शब्द आहे त्यांना एक ओळ लिहायला फुरसत नाही.

म्हणून आता पत्र नाही. सदर गृहस्थांना माझी जाहीर मागणी आहे. नकाशा दाखवला तर जाळी राहील, हा शब्द आपण साक्षीदारासमोर दिला होता. तारीख चुकली ती माझी, शब्द आपला होता. नकाशा आहे, ठोकळे आहेत, रचणारा आहे. ती हत्तींची महिरप काढून तिथे जाळी पुन्हा बसवू देता की नाही, हे येत्या श्राद्धाच्या दिवशी, आपल्याच पोर्चमध्ये, आपल्या फलकाखाली उभे राहून, चार लोकांदेखत सांगा. होय किंवा नाही. आधी मी माझी चूक तिथे मोठ्याने सांगेन, मग आपली पाळी.

ढग असले तरी मी येईन. आक्का येईल, भेरूलाल येईल. वेळ दुपारी चार. आणि दिवस:

ज्येष्ठ वद्य पंचमी.
आषाढ बदी पंचमी.